पेज, कांझा आणि चुकलेला एक फोटो

वेंगुर्ले तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला शिकवते. पट ४१, शिक्षक तीन. २०२३ च्या पावसाळ्यात एका ऑनलाइन प्रशिक्षणात पोर्तुगालच्या एका शिक्षिकेशी माझी ओळख झाली. त्यांची शाळाही मच्छीमारांच्या गावातली, नाझारेच्या अंगाची. त्यांचा वर्ग पाचवीचा, माझा सहावीचा, पण मुलं जवळजवळ एकाच वयाची. इंग्रजी दोन्हीकडे परकी. मला हे फार सोयीचं वाटलं, कारण चुकलं तर हसणारं समोर कोणी नव्हतं.

दोन वर्षं आमच्या वर्गांची देवाणघेवाण चालली. ती कुठे फिसकटली आणि पुन्हा कशी उभी राहिली ते सविस्तर लिहिते आहे. अशा उपक्रमांच्या अहवालांत फोटो भरपूर असतात, पण काय बिघडलं ते लिहिलेलं नसतं. ज्यांना आपल्या शाळेत असं काही सुरू करायचं आहे त्यांना नेमकं तेच हवं असतं. गाव, शाळा, मुलं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

पहिले दोन कॉल

पहिल्या कॉलची तयारी आम्ही आठ दिवस केली. फळा रंगवला, दाराला आंब्याच्या टाळांचं तोरण बांधलं, लेझीम बसवली. शाळेत रेंज फक्त व्हरांड्यातल्या शेवटच्या खांबापाशी येते, म्हणून हॉटस्पॉट चालू केलेला माझा फोन कापडी पिशवीत घालून त्या खांबाला टांगला. लोकसहभागातून मिळालेल्या टीव्हीसमोर मुलं दोन वाजता बसली. पोर्तुगालमध्ये तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

कॉल उत्तम झाला, असंच त्या दिवशी मला वाटलं. आमच्या मुलांनी 'माय व्हिलेज इज व्हेरी ब्युटिफुल' म्हटलं, त्यांच्या मुलांनीही तेच म्हटलं. आम्ही लेझीम दाखवली, त्यांनी गाणं म्हटलं. शेवटी टाळ्या झाल्या. रात्री जेवताना मात्र लक्षात आलं की पंचवीस मिनिटांत एकाही मुलाने दुसऱ्याला एकही खरा प्रश्न विचारला नव्हता. आम्ही एकमेकांसमोर स्नेहसंमेलन केलं होतं.

दुसरा कॉल १९ ऑक्टोबरला. त्यात तिकडच्या एका मुलाने कागद बाजूला ठेवून विचारलं, "सकाळी तुम्ही काय खाता?" माझ्या वर्गात क्षणभर शांतता. मग एकजण म्हणाला, "ब्रेड-बटर." दुसऱ्याने लगेच "नूडल्स" म्हटलं. तिसरीने मान खाली घातली. ही सगळी मुलं सकाळी उकड्या तांदळाची पेज जेवून शाळेत येतात हे मला पक्कं ठाऊक होतं. मी गप्प बसले. मुलांना सगळ्यांसमोर खोटं पाडायचं नव्हतं हे एक कारण, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी पेज म्हणायला जड गेलं.

एक तास आणि एक फोटो

तिसरा कॉल २ नोव्हेंबरला ठरला होता. दोन वाजता आम्ही बसलो. स्क्रीन कोरी. सव्वादोन झाले, अडीच झाले. एक मुलगा हळूच म्हणाला, "बाईनू, ते आमका इसारले काय?" मी मेल टाकला. उत्तर आलं, की त्यांच्याकडे आत्ता कुठे नऊ वाजताहेत, शाळा उघडायची आहे. २९ ऑक्टोबरच्या पहाटे तिकडची घड्याळं एक तास मागे गेली होती. युरोपात दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे. मग आपल्यातलं आणि पोर्तुगालमधलं साडेचार तासांचं अंतर साडेपाच तासांचं होतं. मी ते विसरले होते, आणि त्या बाईंना आपल्याकडे घड्याळं हलतच नाहीत याची कल्पना नव्हती.

या घोटाळ्यातून भूगोलाचे दोन तास उत्तम झाले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा असतातच. मुलांनी त्यांवरून आपल्याकडचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस काढला. फरक जेमतेम दोन तासांचा निघाला. त्यांच्याकडच्या वेळा मागवल्या, तिथे साडेपाच तासांचा निघाला. आपल्याला घड्याळ हलवायची गरज का पडत नाही हे मग मला सांगावं लागलं नाही.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट वेगळी आहे. तीन वाजता कॉल लागला तेव्हा तासभर ताटकळलेली मुलं इतक्या आनंदाने ओरडली, की मी त्या क्षणाचा स्क्रीनशॉट घेतला. वर आमची मुलं, खाली त्यांची, सगळे हसताहेत. संध्याकाळी तो गावाच्या ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलं, 'आपल्या शाळेसाठी अभिमानाचा क्षण', आणि त्यांच्या शाळेचं व गावाचं पूर्ण नाव. कोणीतरी तो तिथून उचलून फेसबुकवर चढवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी स्वतःच त्याची लिंक पोर्तुगालच्या बाईंना पाठवली.

त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. हे आजच्या आज काढा, सविस्तर नंतर लिहीन.

सविस्तर पत्र चार दिवसांनी आलं. त्यांच्या वर्गात एक मूल असं होतं, की ते कुठल्या गावात, कुठल्या शाळेत आहे हे त्याच्या घरातल्याच एका माणसाला कळू नये अशी व्यवस्था केलेली होती. फोटोत ते मूल पहिल्या रांगेत होतं. पत्रात राग नव्हता. पण शाळेने निर्णय होईपर्यंत सगळं थांबवलं आहे, एवढं स्पष्ट होतं.

ते पत्र वाचून माझे हात गार पडले. त्या मुलाला पुढे काही त्रास झाला नाही, हे नंतर कळलं. ते कळेपर्यंतची दिवाळी मला आठवते.

थांबलेले तीन आठवडे

फेसबुकवरची पोस्ट विनंती करून काढून घेतली. ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. फोन लावून हे काम झालं नसतं. पालकांना माझा मुद्दा प्रथम कळेना. एक बाप म्हणाला, "बाईनू, पोराचो फोटो पेपरात इलो तर आमी फ्रेम करून लावतंव. तेंका राग कित्याक?" त्याचं चूक नव्हतं. आपल्याकडे फोटो छापून येणं म्हणजे मान. त्या मुलाची अडचण, कोणाची ओळख न देता, सांगितली तेव्हा मात्र पालकसभेत कोणी पुढे वाद घातला नाही. एक आजी म्हणाली, आपल्या वाडीतसुद्धा अशी एक पोर आहे. मग सगळ्यांनाच आठवलं, की आहे.

कायदा मी तेव्हा नीट वाचला. युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. ऑनलाइन सेवांसाठी मुलाने स्वतः संमती देण्याचं वय प्रत्येक देश १३ ते १६ या दरम्यान ठरवतो, पोर्तुगालने १३ धरलं आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे. म्हणजे कागदावर आपण त्यांच्याहून कडक. संमतीपत्र आम्ही मराठीत, एका पानाचं, मोठ्या अक्षरांत केलं. पालकाच्या सहीखाली मुलासाठी वेगळी ओळ ठेवली: 'मला चालेल / मला चालणार नाही.' दोन मुलींनी चालणार नाही लिहिलं. त्यांच्या आयांना आश्चर्य वाटलं, मला बरं वाटलं.

नोव्हेंबरअखेर दोन्ही शाळांनी मिळून नियम ठरवले. चेहरा नाही. खरं नाव नाही, गावाचं नाव नाही. थेट कॉल सत्रात एकच. बाकी सगळं आवाजाच्या रेकॉर्डिंगने, हस्ताक्षरातल्या पानांच्या फोटोंनी आणि हातांच्या व्हिडिओंनी. व्हिडिओत फक्त हात दिसतील. सगळं एका बंद पॅडलेटवर, म्हणजे फक्त आम्हालाच दिसणाऱ्या ऑनलाइन फळ्यावर, आधी दोन्ही शिक्षिका बघणार आणि मगच मुलं. टोपणनावं मुलांनीच निवडली. त्यांनी माशांची घेतली, आमच्यांनी झाडाफुलांची. सुरंगी, रातांबा, करवंद, फणस, केवडा.

एक अडचण आपल्या बाजूची होती आणि ती आजही आहे. उपक्रम झाला की वर फोटो पाठवायचा, ठिकाण आणि वेळ उमटलेला, मुलांचे चेहरे दिसणारा. फोटो नसेल तर उपक्रम झालाच नाही असं धरलं जातं. मी पाठमोरी मुलं, भिंतीवरचे तक्ते आणि हात पाठवले. ते दोनदा परत आले. तिसऱ्यांदा संमतीपत्राची प्रत जोडली आणि का ते लिहिलं. ते मान्य झालं, पण पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून. शिक्षकाने प्रत्येक वेळी आपल्या मुलांचं तोंड झाकायची परवानगी मागावी लागते, हे बदलायला हवं.

पेज

मला वाटलं होतं, या नियमांनी सगळं निर्जीव होईल. झालं उलटं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरंगीने, म्हणजे पेजेच्या प्रश्नाला मान खाली घालणाऱ्या त्या मुलीने, स्वतःहून रेकॉर्डिंग आणलं. दीड मिनिटाचं. आजीच्या फोनवर चुलीपाशी केलेलं, मागे लाकडं तडतडताना ऐकू येतात. मोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं, की आम्ही सकाळी ब्रेड खात नाही, ते खोटं होतं. आम्ही लाल तांदूळ भरपूर पाण्यात शिजवतो आणि पाण्यासकट जेवतो, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा खारातली कैरी. मध्येच आजीचा आवाज येतो: "पेज जेवतंव म्हणान सांगूक लाज कित्याक?" ते वाक्य तिने पुसलं नाही.

मी तिला विचारलं, हे त्या दिवशी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तेव्हा सगळे बघत होते, आता सुरंगी सांगते आहे.

मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिच्या या उत्तरात सापडली. कॅमेऱ्यासमोर बसवलेलं मूल शाळेची, गावाची, देशाची बाजू सांभाळत बसतं. चेहरा आणि नाव बाजूला ठेवल्यावर त्याला आपल्या घरचं बोलता येतं. मी मुलांच्या सुरक्षिततेसाठी नाइलाजाने स्वीकारलेला नियम मैत्रीसाठी आधीच स्वीकारायला हवा होता.

पोर्तुगालहून उत्तर आलं ते असं. त्यांच्याकडे तांदूळ आणि कोंबडीचं पातळ सूप करतात, आजारी माणसाला तर हटकून देतात. त्याचं नाव कांझा. शब्द कुठून आला हे त्यांच्या बाईंनी शोधलं, तर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून, कांजीवरून. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या तांदळाच्या पाण्याची नोंद केली आहे. शिवाय पोर्तुगीजमध्ये एखादी गोष्ट अगदी सोपी असेल तर 'ए कांझा' म्हणतात, 'ही तर कांजी!' सुरंगीने ते वर्गात वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला फणस उभा राहून म्हणाला, "बाईनू, ह्यां कांझा!" त्यानंतर वर्षभर आमच्या वर्गात सोप्या गणिताला दुसरा शब्द नव्हता.

तिथून शब्दांचा पूर आला. मुलांनी घरातल्या वस्तूंची नावं पाठवायची, तिकडच्या मुलांनी ओळखीची वाटतील ती निवडायची. बादलीला बाल्द, चावीला शाव, फितीला फीता, घमेल्याला गामेला, पिंपाला पीपा, कोबीला कोव. पाव, बटाटा, अननस तर जसेच्या तसे. आणि मग काजू. वेंगुर्ल्याच्या मुलांना काजू आपला वाटतो, वाटायलाच हवा. इथल्या फळ संशोधन केंद्रात निघालेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं त्यांच्या परड्यात उभी आहेत. तो पोर्तुगीजांनी आणला हे कळल्यावर करवंद जरा नाराज झाला. मग तिकडून कळलं की तो त्यांचाही नाही, शब्दासकट ब्राझीलमधून आलेला आहे. दोन्ही वर्गांनी नकाशावर रेघ ओढली, ब्राझील ते वेंगुर्ला.

मार्चमध्ये रातांब्याने ओले काजू सोलणाऱ्या आईच्या हातांचा व्हिडिओ पाठवला. विळीवर बी उभी चिरायची, गर अखंड काढायचा, बोटांना राख लावलेली. तिकडच्या मुलांनी काजू पाकिटातलाच पाहिलेला, त्याला बोंडू असतो हेही नवीन. पण त्यांचा पहिला प्रश्न फळाबद्दल नव्हता. बोटांची कातडी काळी का आहे, असं त्यांनी विचारलं. रातांब्याने आईला विचारलं, आईने सांगितलं की चीक जाळतो, हंगाम संपेपर्यंत बोटं अशीच राहतात. रोज ते हात बघणाऱ्या मुलाने ही गोष्ट कधी विचारली नव्हती. विचारायला पोर्तुगालची पोरं लागली.

तिकडून आला तो एका आजीच्या हातांचा व्हिडिओ. मासे उभे चिरून, मिठाच्या पाण्यातून काढून, किनाऱ्यावरच्या जाळीच्या चौकटींवर उन्हात मांडताहेत. "बाईनू, ते पण सुकत घालतत!" हा तोच वर्ग, ज्याने सुक्या बांगड्याचं नाव घ्यायचं टाळलं होतं.

रापणीचंही असंच झालं. किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं त्यांच्याकडेही आहे, आर्त शावेगा म्हणतात. पूर्वी बैल ओढायचे, आता ट्रॅक्टर. आमच्या मुलांनी वाटणी कशी होते ते लिहून पाठवलं. त्यावर प्रश्न आला, दोरीला नुसता हात लावणाऱ्या लहान मुलालाही वाटा मिळतो का. मिळतो, मूठभर का होईना.

एक शब्द मात्र आम्हीच त्यांना दिला. रायगड जिल्ह्यात कोर्लईला आजही पोर्तुगीज वळणाची एक बोली घरांत बोलतात. चौल-कोर्लईची पोर्तुगीज सत्ता १७४० साली संपली, बोली राहिली. बोलणारे तिला नोलिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. हे सांगितल्यावर पोर्तुगालच्या मुलांनी विचारलं, ती मुलं तुमच्या ओळखीची आहेत का. नव्हती. साने गुरुजी कोकणातल्याच पालगडचे, भारतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून आंतरभारतीचं स्वप्न बघणारे, आणि आम्हाला आमच्याच किनाऱ्यावरच्या एका भाषेची आठवण पोर्तुगालने करून द्यावी लागली. हे मला लागलं. कोर्लईच्या बाजूला पत्रव्यवहार सुरू करण्याचा प्रयत्न आता चालू आहे.

जे जमलं नाही

एकास एक जोड्या लावणं ही माझी दुसरी मोठी चूक. एकाला दर आठवड्याला पान भरून यायचं, शेजारच्याला महिनाभर काहीच नाही. केवडा रोज सकाळी येऊन विचारायची, "माका काय इला?" तिचा जोडीदार आजारी होता हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि तोवर तिने लिहिणं सोडलं होतं. जानेवारीपासून तिघांचा गट विरुद्ध तिघांचा गट केला, तेव्हा हा प्रश्न सुटला. केवडा मात्र पूर्वीसारखी लिहू लागली नाही.

अभ्यासाच्या दृष्टीने काय साधलं, असं विचारतात. परीक्षेचे आकडे देऊन मी हे सिद्ध करणार नाही. पहिल्या महिन्यातली वही आणि शेवटच्या महिन्यातली वही माझ्यासमोर आहे. पहिलीत एकही प्रश्नचिन्ह नाही. दुसरीत फणसाने लिहिलं आहे: तुझ्या बाबांचा हात दुखावला तर जाळं कोण शिवतं? व्याकरण चुकलेलं आहे. मी लाल शाई वापरली नाही.

फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२६ साली आपल्या डोंगराळ गावातल्या मुलांची ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेशी गाठ घालून दिली, छापलेली पानं टपालाने पाठवून. तेव्हाही मुलं वाट बघायची. वाट बघण्यातच प्रश्न पिकतो. म्हणून नवीन कोणी सुरुवात करत असेल तर मी सांगते, पहिले तीन महिने कॉल करूच नका.

३१ मार्च २०२४ च्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे गेली. सोमवारी मी वर्गात पोचायच्या आधी करवंदाने फळ्यावर लिहून ठेवलं होतं, 'आता पुन्हा दोन वाजता.'

२०२५ च्या उन्हाळ्यात दोन्ही वर्ग सुटले. आमची मुलं सातवी होऊन तालुक्याच्या हायस्कुलात गेली, त्यांचीही सहावी संपून शाळा बदलली. पॅडलेट ठरल्याप्रमाणे बंद केलं. सुरंगीच्या गटाला पुढेही लिहायचं होतं, थेट, स्वतःच्या फोनवरून. तिकडच्या मुलांना तेरा पूर्ण झाली की कायदा आड येत नाही, आमच्या मुलांना अजून पाच वर्षं आहेत. मी नाही म्हटलं आणि ते तिला आवडलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी ती आजीला घेऊन आली. हातात आंतरदेशीय पत्र होतं. परदेशात ते चालत नाही म्हटल्यावर दोघी वेंगुर्ल्याच्या पोस्टात गेल्या आणि पाकीट, तिकिटं घेऊन परत आल्या. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून तिने आमच्या शाळेचा पत्ता घातला, नावाच्या जागी सुरंगी. आत काय लिहिलं ते मी वाचलं नाही. उत्तर आलं तर कोणाच्या हातात द्यायचं ते आजी मला दोनदा बजावून गेली.